भरले आहे की रिकामे? रांग राखणाऱ्या झेंड्यांचा इतिहास

हिवाळ्यात नागापूरच्या औद्योगिक वसाहतीवरून मनमाड रस्त्याने राहुरी-कोल्हारकडे निघाले, की उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली. तेव्हापासून नगर जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. यात एक गंमत आहे. गाड्या कारखान्यावर येतात त्या अनियमितपणे. पहाटे तोडणी करून भरलेल्या गाड्या दुपारनंतर एकदम झुंडीने पोचतात, रात्री तुरळक होतात. गाळप मात्र चोवीस तास एकाच वेगाने चालावे लागते. या दोन वेगांचा मेळ घालतो तो कारखान्याचा गाडीतळ. आधी आलेल्या गाडीचा नंबर आधी, नंतर आलेलीचा नंतर.

तळ सांभाळणाऱ्याला सतत दोनच प्रश्नांची उत्तरे ठाऊक असावी लागतात. तळ भरला आहे का? तळ रिकामा होत आला आहे का? तळ रिकामा झाला तर गव्हाणीत टाकायला ऊस उरत नाही आणि सगळी यंत्रे थांबवावी लागतात. कारखान्याच्या भाषेत याला ‘नो केन’ म्हणतात. तळ भरला तर गाड्या रस्त्यावर तिष्ठतात, तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन आणि त्यातली साखर दोन्ही घटतात. तोडणी-वाहतुकीची मजुरी टनावर असल्यामुळे उभ्या गाडीच्या मालकाची खेप बुडते. म्हणजे उत्तर चुकले तर कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच.

संगणक, टेलिफोन केंद्रे, छपाईयंत्रे, दुर्बिणी अशा जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणात असे छोटे छोटे गाडीतळ असतात. माहिती एका वेगाने येते आणि दुसऱ्या वेगाने उचलली जाते. मधल्या तळाला ‘फिफो’ म्हणतात. ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट’ या शब्दांचे हे लघुरूप, म्हणजे ‘आधी आला तो आधी गेला’. तळ भरला किंवा रिकामा झाला हे सांगणाऱ्या तारेला ‘फ्लॅग’, म्हणजे झेंडा म्हणतात. तारेवर १ असेल तर झेंडा वर, ० असेल तर खाली. प्रश्न इतका साधा की त्याला इतिहास असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात त्याचे बिनचूक उत्तर देता यायला अभियंत्यांना काही दशके लागली. त्या वाटेवर जे प्रश्न भेटले ते शाळेतही मांडता येण्यासारखे आहेत.

कागदी फितीचा झोल

विजेच्या मेमरीआधीही असे तळ होते. विसाव्या शतकात मोठ्या तारकचेऱ्यांमध्ये एका गावाहून आलेला संदेश यंत्र कागदी फितीवर भोके पाडून उतरवत असे. हीच फीत पुढच्या गावाच्या यंत्रात घातली, की भोके वाचून संदेश पुढे जाई. भोके पाडणारे यंत्र आणि भोके वाचणारे यंत्र यांच्यामध्ये फितीचा झोल लोंबत असे. हा झोल म्हणजेच तळ.

वाचणारे यंत्र वेगवान असेल तर झोल कमी होत जाई आणि फीत ताणली जाई. ताणलेली फीत फाटू नये म्हणून तिच्या वाटेवर एक छोटा दांडा बसवत. फीत ताणली की दांडा उचलला जाई आणि वाचणारे यंत्र थांबे. झोल पुन्हा पडला की ते चालू होई. हा दांडा म्हणजे ‘तळ रिकामा’ असे सांगणारा झेंडाच. उलट बाजूला, म्हणजे फितीचा ढीग फार साचला तर, कारकुनाचे डोळे हाच झेंडा. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण दांड्यामागची कल्पना जिवंत आहे.

१९६९ : उतरत्या पायऱ्या

फिफोची पहिली प्रसिद्ध चिप अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीची ३३४१ ही होय. तिचे श्रेय पीटर आल्फके या अभियंत्याला दिले जाते. काळ १९६९ चा. तिच्यात चार बिटांचे ६४ शब्द मावत.

तिची रचना समजायला सोपी आहे. ६४ पायऱ्यांचा जिना कल्पा. प्रत्येक पायरीवर एक शब्द बसू शकतो आणि प्रत्येक पायरीची स्वतःची एक खूण असते : ‘मी भरलेली’ किंवा ‘मी रिकामी’. नियम एकच. मी भरलेली आहे आणि माझ्या खालची रिकामी आहे, तर माझा शब्द खाली जाईल. वरून टाकलेला शब्द असा घरंगळत तळाशी जातो, किंवा आधीच्या शब्दाच्या पाठीला टेकून थांबतो.

या रचनेत झेंडे फुकट मिळतात. सर्वांत वरची पायरी रिकामी असेल तर ‘आत यायला जागा आहे’. सर्वांत खालची भरलेली असेल तर ‘न्यायला माल आहे’. मोजणी करायलाच नको. पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. रिकाम्या जिन्यात टाकलेल्या एकट्या शब्दालाही सगळ्या पायऱ्या उतरूनच बाहेर पडता येते. जिना लांब केला की हा उतरण्याचा वेळही वाढतो. शेकडो-हजारो शब्दांचा तळ हवा असेल तर ही पद्धत परवडत नाही.

वर्तुळ आणि दोन बोटे

यावर उपाय असा की शब्दांनी हलायचेच नाही. प्रत्येक शब्द मेमरीत ज्या घरात ठेवला तिथेच राहील, हलतील फक्त दोन बोटे. एक लिहिणाऱ्याचे : ‘पुढचा शब्द इथे ठेवायचा’. दुसरे वाचणाऱ्याचे : ‘पुढचा शब्द इथून उचलायचा’. शेवटचे घर आले की बोट पुन्हा पहिल्या घरावर येते, म्हणून घरांचे वर्तुळ होते. १९८० च्या दशकात आलेल्या आयडीटी ७२०१ सारख्या चिपमध्ये नऊ बिटांची ५१२ घरे होती आणि रिकामे, अर्धे भरलेले व पूर्ण भरलेले असे तीन झेंडे होते.

आता झेंडा कसा काढायचा? आठ घरे घ्या, ० ते ७. सुरुवातीला दोन्ही बोटे शून्यावर आहेत आणि तळ रिकामा आहे. तेव्हा ‘दोन्ही बोटे एका घरावर म्हणजे रिकामे’ असा नियम करू. आता काहीही न वाचता आठ शब्द लिहा. लिहिणारे बोट सात घरे ओलांडून पुन्हा शून्यावर आले. दोन्ही बोटे एका घरावर! नियम म्हणतो ‘रिकामे’, आणि तळ तर काठोकाठ भरलेला.

मैदानावरच्या गोल धावपट्टीवर दोन मुले एकत्र दिसली, तर ती बरोबरीत आहेत की एकाने दुसऱ्याला पूर्ण फेरीने मागे टाकले आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तसेच हे. यावर तीन तोडगे रूढ झाले.

पहिला : एक घर कायम मोकळे ठेवायचे. सात शब्द झाले की ‘भरले’ म्हणायचे. मग बोटे एकत्र येण्याचा अर्थ एकच उरतो. दुसरा : बोटे एकत्र आली ती कोणाच्या चालीने, हे लक्षात ठेवायचे. लिहिणाऱ्याने गाठले तर भरले, वाचणाऱ्याने गाठले तर रिकामे. तिसरा : फेऱ्याही मोजायच्या. घरे आठच, पण बोटांची मोजणी ० ते १५ अशी चार बिटांत करायची. खालचे तीन बिट घर सांगतात, वरचा बिट फेरी सम की विषम ते सांगतो. चारही बिट जुळले तर रिकामे. घर तेच पण फेरी वेगळी, तर भरलेले. एक जादा बिट दिला आणि संदिग्धता संपली.

दोन घड्याळे

इथवर आपण धरून चाललो की दोन्ही बोटे एकाच वेळी नीट पाहता येतात. पण फिफोची खरी गरज असते ती दोन्ही बाजूंची घड्याळे वेगळी असतात तेव्हा. लिहिणारा आपल्या ठोक्यावर चालतो, वाचणारा आपल्या. वाचणाऱ्याला ‘रिकामे आहे का’ हे ठरवायला लिहिणाऱ्याचे बोट पाहावे लागते, आणि नेमके त्याच क्षणी ते बोट हलत असू शकते.

तीन बिटांत ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. ३ वरून ४ वर जाताना तीनही बिट बदलतात. तारांची लांबी, तापमान यांमुळे ते अगदी एका क्षणी बदलत नाहीत. मधल्या क्षणी पाहणाऱ्याला ०१० दिसेल, १११ दिसेल, काहीही दिसेल. समजा वाचणारा ३ वर आहे. त्याला लिहिणारे बोट १११ म्हणजे ७ वर दिसले, तर त्याला वाटेल चार शब्द तयार आहेत, आणि तो न लिहिलेली घरे वाचत सुटेल.

याचे उत्तर भलत्याच कामासाठी आधीच शोधून ठेवलेले होते. बेल प्रयोगशाळेतले फ्रँक ग्रे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या खटपटीत होते. तिथेही दोन आकड्यांच्या सीमेवर एकाच वेळी अनेक बिट बदलल्याने मोठ्या चुका होत. त्यांनी आकडे लिहिण्याची अशी पद्धत वापरली की लगतच्या दोन आकड्यांत एकच बिट वेगळा असेल. १९४७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मंजूर झाले. तीन बिटांचा ग्रे संकेत असा : ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. शेवटच्यावरून पुन्हा पहिल्यावर जातानाही एकच बिट बदलतो, म्हणून वर्तुळासाठी तो अगदी सोयीचा.

बोटे ग्रे संकेतात मोजली, तर बदलत्या क्षणी पाहणाऱ्याला जुना आकडा दिसेल किंवा नवा. तिसरे काही दिसणार नाही.

कड्यावरचा चेंडू

तरीही एक अडचण उरते. तो एक बदलता बिट, नेमक्या बदलाच्या क्षणी टिपला, तर काय होईल? बिट टिपून ठेवणाऱ्या मंडलाला फ्लिपफ्लॉप म्हणतात. दोन दऱ्या आणि मधे डोंगराची धार, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. चेंडू एका दरीत म्हणजे ०, दुसरीत म्हणजे १. नको त्या क्षणी धक्का बसला तर चेंडू धारेवरच तोल साधून राहतो. तो कधीतरी कोणत्या तरी बाजूला पडेल, पण केव्हा, हे सांगता येत नाही.

हे खरोखर घडते यावर कित्येक अभियंत्यांचा विश्वास बसत नसे. यंत्र अधूनमधून विनाकारण चुकते ते गोंगाटामुळे किंवा कच्च्या डाखामुळे, असे मानून ते मोकळे होत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले चेनी आणि मोल्नर यांनी धारेवर अडखळलेल्या फ्लिपफ्लॉपचे प्रयोगातले पुरावे प्रसिद्ध केले. त्यानंतर हा प्रश्न टाळणे अवघड झाले.

याला पूर्ण इलाज नाही. मात्र चेंडू अजून धारेवरच असण्याची शक्यता वेळेबरोबर घातांकी वेगाने घटते. म्हणून व्यवहारात टिपलेला बिट लगेच वापरत नाहीत. तो आणखी एका फ्लिपफ्लॉपमधून पुढे नेतात, म्हणजे निवाडा व्हायला घड्याळाचा एक पूर्ण ठोका मिळतो. चूक होण्याची शक्यता शून्य होत नाही, पण ती वर्षानुवर्षांतून एखादी इतकी खाली आणता येते.

सावध उत्तर

या थांबण्यामुळे एक नवी गोष्ट घडते, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचे बोट नेहमी थोडे जुने दिसते, आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे. म्हणजे दोघेही शिळ्या माहितीवर निर्णय घेतात. मग झेंड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

नीट पाहू. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचे जुने बोट दिसते, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी माल दिसतो. एक शब्द येऊन पडला आहे, तरी तो ‘रिकामे’ म्हणून दोन ठोके थांबतो. नुकसान काय? थोडा वेळ. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे जुने बोट दिसते, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी जागा दिसते. एक घर मोकळे झाले आहे, तरी तो ‘भरले’ म्हणून थांबतो. नुकसान पुन्हा वेळेचेच.

उलट प्रकारची चूक होऊ शकते का? शेवटचा शब्द वाचणाऱ्याने स्वतःच उचललेला असतो. स्वतःचे बोट त्याला ताबडतोब कळते, म्हणून ‘रिकामे’चा झेंडा वेळेवर वर जातो, उशीर होतो तो फक्त खाली यायला. ‘भरले’चेही तसेच. म्हणजे झेंडा चुकतो, पण नेहमी सुरक्षित बाजूला. रिकाम्या घरातून वाचणे किंवा भरलेल्या घरावर लिहिणे कधीच घडत नाही. माहिती पूर्ण मिळणार नसेल तर चूक कोणत्या बाजूला झालेली चालेल हे आधी ठरवायचे आणि तशी रचना करायची. क्लिफर्ड कमिंग्ज यांनी २००२ मध्ये अशा फिफोच्या रचनेवर लिहिलेले निबंध अनेक अभियंत्यांनी अभ्यासले. त्यांपैकी एकात पीटर आल्फके त्यांचे सहलेखक होते.

‘जवळजवळ भरले’

पुन्हा गाडीतळाकडे जाऊ. समजा तळावर २०० गाड्या मावतात. दोनशेवी गाडी आल्यावर ‘तोडणी थांबवा’ असा निरोप फडावर पाठवला तर उपयोग काय? निरोप पोचेपर्यंत आणखी गाड्या भरून निघतील, आणि वाटेवरच्या तर येणारच. अशा मिळून ४० गाड्या असतील तर निरोप १६० व्या गाडीलाच पाठवला पाहिजे. थांबवायचा निरोप किती आधी द्यायचा हे तळाच्या आकारावर ठरत नाही. ते ठरते निरोपाच्या विलंबावर आणि वाटेवरच्या मालावर.

चिपमधला ‘जवळजवळ भरले’ हा झेंडा याच हिशेबावर बसवतात. १०२४ घरे आहेत, दर ठोक्याला एक शब्द येतो, निरोप पोचायला १० ठोके लागतात आणि तेवढेच शब्द वाटेत असतात. तर किमान २० घरे मोकळी असतानाच झेंडा वर गेला पाहिजे.

हा हिशेब किती अटीतटीचा असतो याचे उदाहरण घरोघरच्या संगणकांत होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बाहेरून येणारी अक्षरे घेण्यासाठी ८२५० ही चिप होती. तिच्यात एकच अक्षर थांबू शके. पुढचे येण्याआधी संगणकाने ते उचलले नाही तर ते पुसले जाई. सेकंदाला ९६० अक्षरे येत असतील तर उचलायला जेमतेम एक मिलिसेकंद मिळे. नंतरच्या १६५५० मध्ये १६ अक्षरांचा फिफो घातला गेला. पहिल्या आवृत्तीत तो सदोष निघाला आणि १६५५०ए मध्ये सुधारला. त्यात किती अक्षरे साचल्यावर संगणकाला हाक मारायची हे निवडता येई : १, ४, ८ किंवा १४. चौदावर ठेवले तर हाका कमी पडत, संगणकाचे काम वाचे. पण सेकंदाला ११,५२० अक्षरांच्या वेगाला उत्तर द्यायला सुमारे पाव मिलिसेकंदच उरे. आठवर ठेवले तर हाका वाढत, पण उसंत मिळे.

या चिपमध्ये आणखी एक झेंडा होता : ‘एक अक्षर हरवले’. नुकसान झाल्यावर वर जाणारा हा झेंडा निरुपयोगी वाटेल. पण माहिती हरवणे आणि हरवल्याचे न कळणे यांत फार अंतर आहे.

खोडदची दुर्बीण

हे अंतर किती मोठे असू शकते ते पाहायला नगरहून कल्याण रस्त्याने आळेफाट्यामार्गे नारायणगावला जावे. जवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने १९९० च्या दशकात ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. चौदा मध्यभागी, सोळा तीन बाहूंवर.

एकाच ताऱ्याकडून आलेला तरंग सगळ्या तबकड्यांवर एकाच क्षणी पोचत नाही. २५ किलोमीटर अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. आधी पोचलेला संकेत थांबवून ठेवायचा आणि मागून येणाऱ्याशी त्याची गाठ घालून द्यायची, हे काम मेमरी करते. लिहिण्याचे बोट आणि वाचण्याचे बोट यांतले अंतर म्हणजेच विलंब. मूळ यंत्रणेत प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला ३ कोटी २० लाख नमुने घेतले जात. त्या वेगाने ८३ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे २,६७० घरे. आकाश फिरते तसे हे अंतरही सतत बदलावे लागते. २०१९ पर्यंत दुर्बिणीचे मोठे नवीनीकरण झाले आणि वेग आणखी वाढला. ठरावीक रचनेच्या चिपऐवजी आता लवचीक रचनेच्या चिप, ग्राफिक्स प्रोसेसर आणि वेगवान जाळे वापरतात. अशा यंत्रणेत जिथे जिथे एक घड्याळ संपते आणि दुसरे सुरू होते, तिथे तिथे दोन घड्याळांचा फिफो बसवावा लागतो.

आता विचार करा. अशा यंत्रणेत एका तबकडीचा एकच नमुना, ३१ नॅनोसेकंदांचा, न कळत गळला तर काय होईल? त्यापुढचा तिचा प्रत्येक नमुना एक घर सरकेल. जणू ती तबकडी ताऱ्याच्या दिशेने नऊ मीटर जवळ गेली. आकडे येतच राहतील आणि दिसायला ते ठीकही असतील, पण इतरांशी त्यांचा मेळ बसणार नाही. म्हणून असे यंत्र बांधणारे नुकसान टाळणाऱ्या झेंड्यांइतकीच नुकसान कळवणाऱ्या झेंड्याची काळजी घेतात. तो वर गेला तर तेवढा भाग बाजूला काढता येतो. तो नसेल तर चुकीच्या आकड्यांतून चुकीचे आकाश दिसते.

वर्गात करून पाहा

आठ खुर्च्या गोल मांडा. एक मुलगी ‘लिहिणारी’ : ती फिरत फिरत प्रत्येक खुर्चीवर एक चिठ्ठी ठेवते. एक मुलगा ‘वाचणारा’ : तो त्याच क्रमाने चिठ्ठ्या उचलतो. दोघांनी आपण कोणत्या खुर्चीसमोर आहोत एवढेच सांगायचे. खुर्च्यांकडे पाठ केलेल्या तिसऱ्याने ‘भरले’ की ‘रिकामे’ ते ओळखायचे. तो कधी अडतो ते मुलांनाच शोधू द्या आणि तोडगाही त्यांनाच सुचवू द्या. वर दिलेल्या तिन्हींपैकी एखादा त्यांना आपोआप सापडण्याची बरीच शक्यता आहे.

मग खेळ थोडा अवघड करा. प्रत्येकाची जागा दुसऱ्याला चिठ्ठीने कळवायची, आणि चिठ्ठी नेणाऱ्याने दहापर्यंत मोजूनच ती द्यायची. आता विचारा : शिळ्या बातमीवर चालूनही चिठ्ठी हरवू नये, यासाठी दोघांनी काय नियम पाळायचा? गणिताच्या तासाला चार बिटांचा ग्रे संकेत मांडायला द्या. तीन बिटांची यादी सरळ लिहा, तिच्याखाली तीच उलट क्रमाने लिहा, वरच्या अर्ध्याला ० आणि खालच्या अर्ध्याला १ जोडा. हे असेच का जमते, हा प्रश्न मात्र फळ्यावर तसाच राहू द्या. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी घेऊन येईल.